न फुटता गळणारी रक्तवाहिनी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रातील आरोग्यविषयक लेखन मी नेमाने वाचतो आणि शरीरक्रियाशास्त्राचा शिक्षक या नात्याने त्यातील बरेचसे विद्यार्थ्यांनाही वाचायला सांगतो. त्याच लेखनातील एका उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. रक्तवाहिन्यांविषयी जे छापून येते, त्यात रक्तवाहिनीच्या बाबतीत दोनच गोष्टी घडताना दिसतात: ती तुंबते किंवा ती फुटते. तुंबली की हृदयविकाराचा झटका आणि फुटली की मेंदूतील रक्तस्राव. रक्तवाहिनी म्हणजे एक नळ, असे मनात धरून लिहिले की या दोहोंपलीकडचे काही सुचणे कठीण होते. वास्तविक आणखी एक गोष्ट घडते आणि ती या दोहोंइतकीच जिवावर बेतू शकते. रक्तवाहिनी कुठेही तुंबलेली नसते, फुटलेली नसते. तिच्या भिंतीतील पेशींमधले सांधे सैल होतात आणि रक्तातील द्रव व प्रथिने आसपासच्या ऊतींमध्ये उतरू लागतात. डेंग्यूचा रुग्ण ताप उतरत असताना अचानक खालावतो तो याच कारणाने. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, अंगभर सूज आणि त्याच वेळी रक्तदाब घसरलेला, हे विसंगत वाटणारे चित्र दिसते तेही याच कारणाने. तीव्र ॲलर्जीत काही मिनिटांत माणूस कोसळतो आणि मधुमेहात दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊन नजर अधू होते, या घटनांच्या मुळाशीही मोठ्या प्रमाणात हीच गळती असते.

ही गळती म्हणजे नेहमी मोडतोड नसते, हे मला प्रामुख्याने सांगायचे आहे. बहुतेक वेळा ती पेशींनी एखाद्या रासायनिक संदेशाला दिलेला नियंत्रित प्रतिसाद असते. तो प्रतिसाद काही ठरावीक प्रथिनांमार्फत दिला जातो, आणि जे नियंत्रणाने उघडते ते पुन्हा मिटूही शकते. हे लक्षात आले तर वर सांगितलेल्या आजारांच्या बातम्या वाचण्याची आणि लिहिण्याची रीतच बदलेल, असे मला वाटते. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हृदयाच्या कप्प्यांपासून अतिसूक्ष्म केशवाहिन्यांपर्यंत सगळीकडे आतल्या बाजूने चपट्या पेशींचा एकच थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. केशवाहिनीची भिंत म्हणजे तर जवळजवळ तेवढेच असते: अंतःस्तराच्या पेशी, त्यांच्याखालचे पातळ आधारपटल आणि मधूनमधून बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी. केशवाहिनीचा व्यास साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असतो, म्हणजे अनेक ठिकाणी तांबड्या पेशीला अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. या भिंतीला दोन परस्परविरुद्ध कामे एकाच वेळी करायची असतात. पाणी, क्षार, ग्लुकोज आणि प्राणवायू यांना पलीकडे जाऊ द्यायचे आणि अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रथिनांना बऱ्याच अंशी आत राखायचे. अल्ब्युमिन आत राहिले तरच ते पाणी धरून ठेवते. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ साली हाच विचार मांडला की, रक्ताचा दाब द्रवाला बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने त्याला आत ओढतात. पुढे या मांडणीत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या, विशेषतः अंतःस्तराच्या आतल्या पृष्ठभागावर असलेल्या शर्करायुक्त आवरणाचे महत्त्व उमगल्यानंतर. तरीही प्रथिने बाहेर गेली की द्रव त्यांच्यामागे जातो, हा त्यातला गाभा टिकून आहे.

निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्यासुद्धा पूर्णपणे बंद नसतात, हेही सांगायला हवे. रक्तातल्या एकूण अल्ब्युमिनपैकी सुमारे ५ टक्के दर तासाला रक्तवाहिन्यांबाहेर जाते आणि लसीकावाहिन्यांच्या, म्हणजे ऊतींतला द्रव रक्तात परत नेणाऱ्या नलिकांच्या, वाटेने परत येते. अवयवागणिक या भिंतीची रचनाही वेगळी असते. यकृतातील रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मोठी छिद्रे असतात, कारण यकृताला रक्तातील प्रथिनांशी थेट संपर्क हवा असतो. मूत्रपिंडातील गाळणीच्या केशवाहिन्यांतही छिद्रे असतात. मेंदूत मात्र ही भिंत इतकी घट्ट असते की सोडियमसारखा लहान आयनसुद्धा सहजासहजी पेशींमधल्या फटीतून जाऊ शकत नाही. तेव्हा पार्यता, म्हणजे पदार्थ आरपार जाऊ देण्याचा भिंतीचा गुण, हा असतो किंवा नसतो अशा प्रकारचा नाही. त्याचे प्रमाण ठरलेले असते, ते जागेनुसार आणि वेळेनुसार बदलते, आणि ते बदलण्याची यंत्रणा भिंतीतच असते.

ती यंत्रणा नेमकी कुठे आहे, हे १९६१ साली ग्विडो माज्नो आणि जॉर्ज पॅलाडी यांनी दाखवले. त्यांनी उंदरांना हिस्टामिन आणि सिरोटोनिन ही इजा किंवा ॲलर्जीच्या वेळी पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये टोचली, त्यांच्या रक्तात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील असे बारीक कण सोडले आणि ते कण कुठे अडकतात ते पाहिले. कण अंतःस्तराच्या दोन पेशींमध्ये उघडलेल्या फटींतून बाहेर पडले होते आणि आधारपटलापाशी साचले होते. पेशी स्वतः शाबूत होत्या. उघडली होती ती फक्त त्यांच्यामधली जागा. दुसरे असे की या फटी केशवाहिन्यांत फारशा नव्हत्या. त्या केशवाहिन्यांनंतर लागणाऱ्या सूक्ष्म नीलांमध्ये होत्या. दाहाच्या वेळी येणारी सूज शरीराच्या एका विशिष्ट टप्प्यावरच्या रक्तवाहिन्यांतून येते, म्हणजे ती सरसकट बिघाडातून येत नाही, हे त्यातून दिसले. पॅलाडी यांना पेशीच्या अंतर्रचनेवरील संशोधनासाठी १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाशी सहसा पेशीतील सूक्ष्म घटकांचा शोध जोडला जातो. मला मात्र हा सूक्ष्म नीलांवरचा अभ्यास तितकाच मोलाचा वाटतो.

फटी उघडतात हे कळले, पण त्या जागी पेशींना धरून ठेवणारे काय आहे हे कळायला आणखी तीन दशके जावी लागली. १९९२ साली इटलीतील एलिझाबेटा देजाना यांच्या गटाने अंतःस्तराच्या पेशींच्या सांध्यांवर आढळणाऱ्या एका प्रथिनाचे वर्णन केले. ते आज व्हीई-कॅडहेरिन या नावाने ओळखले जाते. हे प्रथिन पेशीच्या पटलातून आरपार गेलेले असते. त्याच्या बाहेरच्या भागात पाच खंड असतात, आणि शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाशी ते जोडले जाते. या जोडणीसाठी कॅल्शियम आवश्यक असते. पेशीच्या आत त्याचे शेपूट कॅटेनिन गटातील प्रथिनांना धरते: पी-१२०, बीटा-कॅटेनिन, प्लॅकोग्लोबिन, आणि बीटा-कॅटेनिनमार्फत आल्फा-कॅटेनिन. आल्फा-कॅटेनिनमुळे या सगळ्या समूहाचा पेशीच्या ॲक्टिन तंतूंशी संबंध येतो. म्हणजे दोन पेशींची पकड केवळ पृष्ठभागावरची नाही. प्रत्येक पेशीचा आतला सांगाडा त्या पकडीमागे उभा असतो. हे प्रथिन नसेल तर काय होते? ज्या उंदरांमध्ये त्याचे जनुक निकामी केले, त्यांची भ्रूणे रक्तवाहिन्यांची जडणघडण अपुरी राहून गर्भातच मेली. वाढ पूर्ण झालेल्या उंदरांना या प्रथिनाची जोडणी अडवणारी प्रतिपिंडे दिली, तेव्हा हृदय आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्या गळू लागल्या. म्हणजे ही पकड एकदा बांधून झाली की काम संपले असे होत नाही. ती आयुष्यभर क्षणोक्षणी राखावी लागते.

आता ही पकड सैल कशी होते ते पाहू, कारण नियंत्रण याच ठिकाणी आहे. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर (एन्झाइम) अंतःस्तरावरील आपल्या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, भेटले की पेशीच्या आत ऱ्हो-ए नावाचे प्रथिन जागे होते, त्यामुळे मायोसिन हे ओढ देणारे प्रथिन सक्रिय होते, ॲक्टिनचे तंतू ताणले जातात आणि पेशी आकसून शेजारणीपासून दूर ओढली जाते. हिस्टामिन पेशीतील कॅल्शियम वाढवून तेच ताणण्याचे काम दुसऱ्या वाटेने करते. वाहिनीजनक वाढघटक, म्हणजे व्हीईजीएफ, याची रीत आणखी वेगळी आहे. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने १९८३ साली कर्करोगाच्या गाठींतून बाहेर पडणारे एक द्रव्य शोधले आणि रक्तवाहिन्यांची पार्यता वाढवण्याच्या त्याच्या गुणावरूनच त्याला नाव दिले. १९८९ साली नपोलियोने फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ करणारे द्रव्य म्हणून व्हीईजीएफचे वर्णन केले, आणि ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे स्पष्ट झाले. नवी रक्तवाहिनी फुटवणे आणि असलेली रक्तवाहिनी गळती करणे ही दोन्ही कामे एकच रेणू करतो, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. २००६ साली ज्युली गावार आणि सिल्व्हिओ गुटकिंड यांनी त्याची एक वाट उलगडली: व्हीईजीएफच्या संदेशाने व्हीई-कॅडहेरिनच्या शेपटावरील एका ठरावीक जागी फॉस्फेट जोडला जातो, ती खूण ओळखून दुसरे एक प्रथिन येऊन चिकटते, आणि व्हीई-कॅडहेरिन पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढून घेतले जाते. पृष्ठभागावर पकडणारे प्रथिनच कमी झाल्यावर सांधा सैल होणारच. ते सहजी आत ओढले जाऊ नये म्हणून पी-१२० कॅटेनिन त्याच्या शेपटाचा तो भाग झाकून ठेवते. म्हणजे एका प्रथिनाने जागा झाकली आहे की उघडी सोडली आहे, यावर सांध्याची मजबुती बऱ्याच अंशी ठरते.

या विषयातील दोन प्रयोग प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावेत असे मला मनापासून वाटते. दोन्ही जर्मनीतील डीटमार फेस्टवेबर यांच्या गटाचे आहेत. २०११ साली त्यांनी अशा उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले की ज्यांच्यात व्हीई-कॅडहेरिनच्या जागी आल्फा-कॅटेनिनशी कायमचे सांधलेले व्हीई-कॅडहेरिन होते. या उंदरांचे सांधे उघडणे अवघड झाले; हिस्टामिन आणि व्हीईजीएफ देऊनही त्यांच्या त्वचेतील गळती रोखली गेली, आणि पांढऱ्या पेशींना रक्तातून ऊतीत जाणेही फार कठीण झाले. सूज येण्यासाठी सांध्यातील प्रथिनांची जोडणी सुटावीच लागते, हे त्यातून प्रत्यक्ष जिवंत प्राण्यात दिसले. २०१४ सालचा दुसरा प्रयोग अधिक सूक्ष्म आहे. व्हीई-कॅडहेरिनच्या शेपटावर टायरोसिन या अमिनो आम्लाच्या अनेक जागा आहेत. त्यांपैकी ६८५ क्रमांकाची जागा बदलली तर द्रवाची गळती कमी झाली, पण पांढऱ्या पेशींच्या जाण्यायेण्यावर परिणाम झाला नाही. ७३१ क्रमांकाची जागा बदलली तर पांढऱ्या पेशींना अडचण झाली आणि द्रवाच्या गळतीत फरक पडला नाही. एकाच प्रथिनावरच्या दोन जागा, आणि त्या दोन वेगळ्या प्रसंगी दार उघडतात. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी तर बाहेर जाव्यात, पण त्यांच्यासोबत लोंढाही जाऊ नये, असे वैद्यकाला वाटत असते. तत्त्वतः ते शक्य आहे, एवढे तरी या प्रयोगाने दाखवून दिले आहे. उंदरातले माणसात जसेच्या तसे उतरते असे नाही, याची मला जाणीव आहे. पण कुठे शोधायचे हे कळणेही थोडे नव्हे.

मेंदूतील रक्तवाहिन्यांत व्हीई-कॅडहेरिनच्या जोडीला आणखी एका प्रकारचे सांधे विशेष दाट असतात. त्यांना घट्ट सांधे म्हणतात आणि क्लॉडिन-५, ऑक्लुडिन आणि पेशीच्या आतून त्यांना आधार देणारे झेडओ-१ ही त्यांतील मुख्य प्रथिने होत. थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी १९६७ साली एक विकर रक्तात सोडून ते या सांध्यांपाशीच अडते हे दाखवले होते; सांधे कशाचे बनलेले आहेत ते मात्र नंतर कळले. जपानमधील शोइचिरो त्सुकिता आणि मिकिओ फुरुसे यांच्या गटाने १९९३ साली ऑक्लुडिन आणि १९९८ साली क्लॉडिन शोधले. त्याच गटाने २००३ साली क्लॉडिन-५ नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातील निष्कर्ष अनपेक्षित होता. मेंदूतील रक्तवाहिन्या दिसायला अगदी नेहमीसारख्या होत्या, रक्तस्राव नव्हता, सूज नव्हती. तरीही सुमारे ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान रेणू मेंदूत शिरत होते आणि त्याहून मोठे बाहेरच राहत होते. ती पिल्ले जन्मानंतर १० तासांच्या आतच मेली. सूक्ष्मदर्शकाखाली सारे ठीकठाक दिसत असतानाही भिंतीचा गुण बदललेला असू शकतो, आणि तो बदल रेणूच्या आकारागणिक निवडक असू शकतो, हे त्याहून स्पष्ट कसे दाखवणार? या दोन्ही प्रकारच्या सांध्यांचा एकमेकांशी संबंधही आहे: व्हीई-कॅडहेरिनची पकड जमली की पेशी क्लॉडिन-५ अधिक बनवू लागते.

सांधे उघडणाऱ्या द्रव्यांविषयी जितके बोलले जाते, तितके ते मिटवणाऱ्या द्रव्यांविषयी बोलले जात नाही. तांबड्या पेशी स्फिंगोसिन-१-फॉस्फेट नावाचा एक स्निग्ध रेणू रक्तद्रवात सोडत असतात; तो अंतःस्तरावरील ग्राहीला भेटून सांध्यांजवळच्या ॲक्टिनची घडण पक्की करतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तद्रवात हा रेणू नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत काहीही न करताच गळती आढळली, आणि निरोगी उंदरांच्या तांबड्या पेशी दिल्यावर ती कमी झाली. प्राणवायू वाहणाऱ्या पेशी आपल्या वाटेची भिंतही राखतात, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकात यायला हरकत नसावी. पेरिसाइटकडून येणारे अँजिओपोएटिन-१ हेही सांधे स्थिर ठेवते. त्याचाच भाऊबंद असलेले अँजिओपोएटिन-२ अंतःस्तराच्या पेशीत साठवलेले असते आणि दाहाच्या वेळी बाहेर पडून उलट काम करते. ॲड्रेनलिनही याच यादीत येते. तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात १० मिनिटांत रक्तवाहिन्यांतील द्रवाच्या ३५ टक्क्यांपर्यंत भाग बाहेर जाऊ शकतो, आणि अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन हाच पहिला उपाय असतो. ते रक्तवाहिन्या आवळते आणि श्वासनलिका मोकळ्या करते हे सर्वांना ठाऊक असते. अंतःस्तराच्या पेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवून व्हीई-कॅडहेरिनचे सांधे घट्ट होण्यासही ते मदत करते, हे सहसा सांगितले जात नाही. येथे एक सावधगिरी नोंदवायला हवी. प्रत्येक सूज हिस्टामिनची नसते. आनुवंशिक अँजिओएडिमा या आजारात ओठ, जीभ किंवा घसा सुजतो तो ब्रॅडिकायनिन या गळती घडवणाऱ्या दुसऱ्या द्रव्यामुळे. रक्तदाबाच्या काही औषधांनीही, ब्रॅडिकायनिनचा निचरा थांबल्याने, तशीच सूज येते, आणि अशा सुजेवर ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या काम करत नाहीत.

आता डेंग्यूकडे येतो, कारण या पत्राचे तातडीचे कारण तेच आहे. डेंग्यूविषयीच्या बातम्यांत प्लेटलेटचा आकडा असतोच असतो. तो किती घसरला, किती जणांना प्लेटलेट चढवाव्या लागल्या, कुठे तुटवडा आहे, हेच मथळ्यात येते. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की प्लेटलेट कमी होणे हाच डेंग्यूचा मुख्य धोका आहे. तो धोका आहेच. परंतु डेंग्यूतील शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरण्याची अवस्था, मुख्यतः रक्तद्रवाच्या गळतीमुळे येतो. विषाणूचे एनएस-१ नावाचे प्रथिन अंतःस्तरावरील शर्करायुक्त आवरण झिजवते आणि पेशींमधील सांध्यांची पकड सैल करते, हे २०१५ नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. शरीराने विषाणूविरुद्ध सोडलेली दाहकारक द्रव्येही त्यात भर घालतात. ही गळती साधारण आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. ताप उतरला म्हणून घरचे लोक निर्धास्त होतात ती हीच वेळ. रक्तातला द्रव बाहेर गेल्याने उरलेले रक्त दाट होते आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या आकारमानाचे प्रमाण, चढू लागते. प्लेटलेट झपाट्याने उतरत असतानाच हिमॅटोक्रिट चढणे ही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत दिलेली धोक्याची खूण आहे. तिच्या जोडीला पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे, गळून जाणे किंवा अस्वस्थता, छाती किंवा पोटात पाणी साचणे आणि यकृत वाढणे याही खुणा तिथे दिल्या आहेत.

या गळतीविषयी दोन गोष्टी विशेष आहेत. गळती इतकी मोठी असूनही अंतःस्तराच्या पेशींची त्या प्रमाणात मोडतोड आढळत नाही, आणि योग्य वेळी योग्य प्रमाणात द्रव मिळाले तर रुग्ण एकदोन दिवसांत आश्चर्यकारक रीतीने सावरतो. सांधे उघडले होते आणि ते मिटले, याच्याशी हे सुसंगत आहे. भिंत उद्ध्वस्त झाली असती तर इतक्या लवकर सावरणे शक्य झाले नसते. दुसरी गोष्ट त्यातूनच निघते: सांधे मिटल्यावर बाहेर गेलेला द्रव रक्तात परत येऊ लागतो, आणि त्या वेळीही शिरेतून द्रव देणे चालू ठेवले तर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावू शकतो. म्हणजे डेंग्यूच्या उपचाराचे सारे कौशल्य गळती कधी सुरू झाली आणि कधी थांबली हे ओळखण्यात आहे. प्लेटलेटच्या बाबतीत म्हणाल तर, रक्तस्राव होत नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढतात, असे प्रौढ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत दिसले. ती चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली आहे. इतके असूनही नातेवाईक प्लेटलेटसाठी धावाधाव करतात आणि हिमॅटोक्रिट किती आहे हे कुणी विचारत नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

सेप्सिसविषयी थोडक्यात लिहितो. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही अल्ब्युमिन रक्ताबाहेर जाण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, अँजिओपोएटिन-२ चढते, आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांपुढे हाच पेच असतो की द्रव न द्यावे तर रक्तदाब पडतो आणि द्यावे तर ते फुप्फुसांत उतरते. सांधे थेट मिटवणारे औषध सेप्सिस किंवा डेंग्यूसाठी अजून नित्याच्या वापरात आलेले नाही. डोळ्यांच्या बाबतीत मात्र हा मार्ग प्रत्यक्षात उतरला आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला आलेल्या सुजेवर व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात दिली जातात आणि त्याने अनेकांची नजर वाचली आहे. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फॅरिसिमॅब हे औषध व्हीईजीएफ आणि अँजिओपोएटिन-२ या दोघांनाही अडवते. प्रयोगशाळेत सांध्यांवर झालेले काम रुग्णाच्या डोळ्यापर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण आहे, आणि त्याची बातमी मात्र बहुधा नवे महागडे इंजेक्शन एवढीच होते.

संपादक महोदय, माझी विनंती मोठी नाही. डेंग्यूची बातमी देताना प्लेटलेटच्या आकड्यासोबत हिमॅटोक्रिटचा उल्लेख यावा, ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जपण्याचे असतात हे दर वेळी छापले जावे, आणि वर दिलेल्या धोक्याच्या खुणा चौकटीत द्याव्यात. आरोग्य पुरवणीत एखादा लेख केवळ रक्तवाहिन्यांच्या गळतीवर यावा. तो एखाद्या अतिदक्षता तज्ज्ञाकडून आणि पेशीजीवशास्त्राच्या अभ्यासकाकडून मिळून लिहून घेता आला तर फारच बरे. तसा लेख येणार असेल तर त्यासाठी लागणाऱ्या आकृत्या काढून देण्यास आणि मजकूर तपासून देण्यास मी तयार आहे.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक शिक्षक व आपला नियमित वाचक